हप्त्याहप्त्याने नर्मदा

अमृतलाल वेगड २२ ऑक्टोबर १९७७ रोजी जबलपूरहून मंडल्याच्या वाटेला लागले, तेव्हा ते पन्नाशीला आलेले कलाशिक्षक होते. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले, जबलपुरात चित्रकला शिकवणारे, बायकामुलांचे गृहस्थ. त्यांनी संन्यास घेतला नव्हता, नोकरी सोडली नव्हती, आणि सुटी संपली की घरी परतायचे हे निघतानाच ठरलेले होते. पुढच्या सुटीत, जिथे पाऊल थांबले तिथून पुन्हा पुढे. अशा रीतीने वर्षामागून वर्षे ते नर्मदेचा काठ तुकड्यातुकड्यांनी चालत राहिले. त्या चालण्यातून आलेल्या ‘सौंदर्य की नदी नर्मदा’ या पुस्तकाच्या गुजराती रूपाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तरीही परिक्रमेच्या जुन्या हिशेबात वेगडांची परिक्रमा खंड परिक्रमाच. एखाद्या आश्रमात कुणी ‘मी टप्प्याटप्प्याने करतोय’ म्हटले, की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक समजूतदार हसू येते. जमेल तेवढे करा, मैया समजून घेईल, अशा अर्थाचे. हे हसू मला पटत नाही. संसारी, नोकरदार नागपूरकराने नर्मदा चालायची तर ती अशीच चालावी असे माझे मत आहे, आणि त्यात नाइलाजाचा भाग थोडा. अशा चालण्यात नदीविषयी जे कळते ते एका दमात चालून जाणाऱ्याच्या हाती लागत नाही, हे त्याचे खरे कारण.

आधी पूर्ण परिक्रमा म्हणजे काय ते पाहू. अमरकंटकपासून भडोचजवळच्या समुद्रापर्यंत नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही काठ धरले तर सव्वीसशेच्या वर, आणि वाटेतले ओढेनाले, उपनद्यांची वळणे व धरणांचे फुगवटे टाळत चालायचे तर तीन हजारांच्याही पुढे. नियम ठरलेले: नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, ती कुठेही ओलांडायची नाही, चातुर्मासात एका जागी आसन लावून राहायचे, मिळेल ते खायचे. शास्त्रोक्त मुदत तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांची. आज बहुतेक जण देवउठनी एकादशीच्या सुमाराला परिक्रमा उचलतात आणि चार ते सहा महिन्यांत उरकतात. दिग्विजय सिंह यांनी २०१७ च्या दसऱ्याला बरमान घाटावरून सुरुवात केली. त्यांनाही एप्रिल २०१८ उजाडला. दिवसाला वीस किलोमीटर ही चांगली चाल मानली तरी पाच महिने सलग हवेत. असे पाच महिने कुणाकडे असतात? साधूकडे, निवृत्ताकडे, बिनपगारी रजा परवडणाऱ्याकडे आणि घरच्या जबाबदाऱ्या दुसऱ्याच्या खांद्यावर टाकू शकणाऱ्याकडे. या यादीतून कोण वगळले जाते ते पाहिले की पूर्णतेच्या आग्रहाची किंमत कळते. वऱ्हाड-नागपूरकडचा शेतकरी कार्तिकात कापूस सोडून निघू शकत नाही. घरात शाळकरी मुले आणि म्हातारी माणसे असलेली बाई तर सहसा विचारही करत नाही.

नागपूरकरापुढे हा प्रश्न का यावा, असे कुणी म्हणेल. आपला डोंगर म्हणजे रामटेक, आपले जंगल म्हणजे पेंच, आणि पायी यात्रा म्हणजे पचमढीचा महादेव किंवा नागद्वार. पण लांब पल्ल्याची, पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी चालून घडवलेली, वाटेत गावोगाव निवारा असलेली आपल्या सगळ्यात जवळची वाट नर्मदेचीच आहे. जबलपूर इथून रस्त्याने पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. नर्मदापुरम, म्हणजे कालपरवापर्यंतचे होशंगाबाद, इटारसीच्या पलीकडे लगेच. गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी जुनी छोटी लाइन आता ब्रॉडगेज झाली आहे आणि तिच्यावर ग्वारीघाट नावाचे स्टेशनच आहे. शिवाय ही जवळीक नुसती किलोमीटरची नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल मंडला-होशंगाबादपर्यंत होता. सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतर तो मुलूख गेला. पुढे इंग्रजांनी नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून १८६१ साली मध्य प्रांत केला आणि राजधानी नागपूरला ठेवली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर, मंडला, नरसिंहपूर, होशंगाबाद या सगळ्यांचे सरकार इथे बसत असे. नर्मदा म्हणजे परराज्यातली नदी ही भावना सत्तरएक वर्षांचीच आहे. पुण्या-नाशिकच्या माणसाला ओंकारेश्वर जवळ पडते, म्हणून मराठी परिक्रमा ओंकारेश्वरहून सुरू होते, एवढेच. आपण तीच प्रथा उचलायचे काही कारण नाही.

सुटीचा माणूस कधी निघणार? दसरा-दिवाळीच्या मध्ये. म्हणजे चातुर्मास संपण्याआधी, नेमक्या त्या दिवसांत ज्यांना आपण ऑक्टोबर हीट म्हणतो. पाऊस मागे फिरलेला असतो, आभाळ स्वच्छ होते, जमिनीत मात्र चार महिन्यांचे पाणी मुरलेले. उन्हाने ते वर येते आणि दुपारी असा उकाडा होतो की पारा बत्तीस-तेहतीस दाखवत असला तरी अंगाला तो चाळिशीसारखा चिकटतो. नागपूरकर मे महिन्यात पंचेचाळीस सोसतो, त्याला काय एवढे, हा भ्रम आहे. शरीराला उन्हात श्रम करायची सवय लागायला आठवडा ते दोन आठवडे लागतात आणि सोडून दिले की काही आठवड्यांत ती उतरते. मेची सवय पावसाळ्यात वाहून गेलेली असते. म्हणून या दिवसांतले चालणे दोन भागांचे असते. तांबडे फुटताना निघायचे, अकराच्या आत एखाद्या धर्मशाळेचा, देवळाचा नाहीतर चिंचेचा आडोसा धरायचा, साडेतीननंतर पुन्हा उठायचे. संध्याकाळ लवकर होते. साडेपाचनंतर सूर्य टेकतो, तेव्हा मुक्कामाचे गाव दिसायला हवे. एवढ्यात बारा-पंधरा किलोमीटर होतात, आणि अनोळखी काळ्या मातीत तेवढे पुष्कळ झाले. पुराने काठावरची पायवाट पुसलेली असते. कार्तिकात परिक्रमावासीयांची रांग लागली की ती पुन्हा पडते, पण आश्विनात ती आपल्यालाच शोधावी लागते. सोयाबीन काढून झालेले, तूर उभी, गव्हा-हरभऱ्यासाठी शेत तयार होत असलेले. नदी गढूळपणा टाकून निवळू लागलेली. जानेवारीतल्या परिक्रमावासीला यातले काही दिसत नाही. त्याला गव्हाची हिरवळ दिसते. दोन्ही नर्मदाच, पण एका दमात चालणारा प्रत्येक गाव फक्त एकाच ऋतूत पाहतो, आणि गावाची ओळख त्या ऋतूवरून ठरवून पुढे जातो. एखादे गाव त्याला कायम थंड आठवते आणि दुसरे कायम तापलेले, कारण त्याच्या वेळापत्रकाने ते तसे त्याच्या वाट्याला आलेले असते.

ऋतूंचे हे झाले. त्याहून मोठा मुद्दा वर्षांचा आहे. वेगड पहिल्यांदा ज्या तुकड्यावर चालले, तो जबलपूर ते मंडला. त्या काळात बरगी धरणाचे काम सुरू झालेले होते. ते १९९० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाने तो काठ, त्यावरची गावे आणि जुनी वाट गिळली. दीडशेहून अधिक गावे या धरणाने बाधित झाली. म्हणजे वेगडांचे पहिले पाऊल ज्या वाटेवर पडले तिच्यावर पुढच्या पिढीतल्या कुणाचे पाऊल पडणे शक्यच उरले नाही. २००२ मध्ये, पंचवीस वर्षांनी, पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावरचे वेगड पत्नी कांताबेनांना घेऊन पुन्हा निघाले. त्यांची साक्ष मोलाची आहे ती या परत जाण्यामुळे. काठ कसा होता आणि कसा झाला, हे एकाच डोळ्यांनी पाहिलेली माणसे या विषयावर थोडी आहेत. धरणाचा वाद आपल्याकडे दोन टोकांवरून झाला: आकडे मांडणारे एका बाजूला, विस्थापित दुसऱ्या बाजूला. वर्षावर्षांनी त्याच नदीवर परतणारा साधा पादचारी हा तिसरा साक्षीदार, आणि तो सलग परिक्रमेतून तयार होत नाही.

यालाच जोडून एक अवघड गोष्ट बोलायला हवी. सलग परिक्रमेचा आग्रह धरताना आपण गृहीत धरतो की वाट स्वतः सलग आहे. ती तशी राहिलेली नाही. नर्मदा खोऱ्याच्या आराखड्यात मोठी धरणेच तीस होती. बरगी झाले, पुनाशाला इंदिरा सागर झाले, त्याच्या पाण्यासाठी हरसूद हे अख्खे शहर २००४ मध्ये उठवले गेले. खाली ओंकारेश्वर, महेश्वर, आणि शेवटी सरदार सरोवर, ज्याची उंची २०१७ मध्ये १३८.६८ मीटरवर नेऊन दरवाजे बंद झाले. ज्या शूलपाणीच्या झाडीचे भय आणि आकर्षण जुन्या प्रवासवर्णनांतून वाहत आले, तिचा काठ पाण्याखाली आहे. आजचा परिक्रमावासी मोठ्या अंतरांवर नदीपासून कितीतरी किलोमीटर दूर, डांबरी रस्त्याच्या कडेने, ट्रकांच्या धुळीत चालतो. नदीचेच तुकडे झाले असताना चालणाऱ्याने तुकडे केले तर काय बिघडले, असा स्वस्त युक्तिवाद मला करायचा नाही. माझे म्हणणे एवढेच की अखंडता ही आता वाटेवर सापडणारी वस्तू राहिलेली नाही. ती नकाशावर आणि मनात जुळवावी लागते. ते काम दोघांनाही करावे लागते. सलग चालणारा ते न कळत करतो, खंड चालणारा जाणीवपूर्वक.

बाहेरच्या जगात हा वाद केव्हाच संपला आहे. अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल चौदा राज्यांतून साडेतीन हजार किलोमीटर जाते. बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली तेव्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग चालण्याचा पराक्रम त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता. पूर्व किनाऱ्यावरच्या शहरांतल्या कामकरी माणसाला सुटीत डोंगरात श्वास घेता यावा हा हेतू होता. ही वाट प्रत्यक्षात आणण्यात ज्यांचा सिंहाचा वाटा, ते वकील मायरन एव्हरी १९३६ पर्यंत तुकड्यातुकड्यांनी ती सगळी चालून झालेले पहिले गृहस्थ. अर्ल शेफर सलग चालले ते १९४८ साली, बारा वर्षांनी. आजही तिथली संस्था पूर्ण अंतर चाललेल्याची नोंद करताना एका हंगामात चाललेला आणि वीस वर्षांत चाललेला असा फरक करत नाही. ही झाली छंदाची वाट, तीर्थाची नाही, असे कुणी म्हणेल. तर जपानात शिकोकू बेटावरची अठ्ठ्याऐंशी देवळांची परिक्रमा पाहावी. सुमारे बाराशे किलोमीटरची, कोबो दाइशींच्या नावाने चालणारी, पूर्ण धार्मिक. तिथे ती थोडी थोडी करत जाण्याची रीत रुळलेली आहे, तिला स्वतंत्र नाव आहे, आणि तिच्याकडे कमीपणाने कुणी पाहत नाही. एवढ्या लांब कशाला जायचे? वारीत दिवे घाटाचा एकच टप्पा चालणारे हजारो असतात आणि त्यांना माउलीने परत पाठवल्याचे ऐकिवात नाही. नर्मदेवरच चैत्रात उत्तरवाहिनी परिक्रमा होते: गुजरातेत तिलकवाडा-रामपुरा भागात नदी उत्तरेकडे वळते तेवढ्या पट्ट्याची, वीसेक किलोमीटरची, एका दिवसात होणारी. तिला मराठी माणसांचीच गर्दी असते. परंपरेने लहान माप पूर्वीच मान्य केले आहे. आपण तिच्याहून कडक व्हायला निघालो आहोत.

आता आक्षेप, आणि पहिला खरोखर जड आहे. नागपूर नर्मदेच्या दक्षिणेला. उत्तर काठ चालायचा तर दर वेळी पूल ओलांडून पलीकडे जावे लागणार आणि सुटी संपली की पुन्हा ओलांडून परत. न ओलांडणे हाच तर परिक्रमेचा गाभा. मग उरले काय? इथे पळवाट काढण्यापेक्षा सरळ कबूल करावे: व्रत म्हणून ही परिक्रमा होत नाही. ज्याला व्रत करायचे आहे त्याने सलग करावी, किंवा दक्षिण काठापुरते थांबावे, जो नागपूरकराला नदी न ओलांडताच गाठता येतो. पण परंपरेतही ओलांडण्याचा अर्थ लावावा लागलाच आहे. दक्षिण काठावरून समुद्राशी पोचलेले परिक्रमावासी होडीने पलीकडे मिठी तलाईला जातात. तिथे नदी संपून समुद्र लागला असे मानतात. अर्थ लावणारे शहाणे होते, आणि त्यांनी माणसाच्या शक्तीकडे बघून तो लावला. आगगाडीत बसून पुलावरून जाणारा पाय चालत नसतो, असा अर्थ मी लावीन. तो न पटणाऱ्याचा माझ्यावर राग नसावा, माझा त्याच्यावर नाही.

दुसरा आक्षेप असा की सलग चालण्याने माणूस आतून बदलतो, तुकड्यांत तो फक्त फिरून येतो. मराठी वाचकाला हे पटकन पटते, कारण त्याच्या मनातली परिक्रमा गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ने आणि नंतर जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने घडवली आहे, दोन्हींत घरदार मागे टाकलेला पांथस्थ आहे. यात तथ्य आहे. तिसऱ्या आठवड्यानंतर पाय घट्ट होतात, पाठीवरचे ओझे विसरले जाते, उद्याची काळजी सुटते. खंड चालणाऱ्याला हा तिसरा आठवडा कधीच मिळत नाही. त्याच्या नशिबी दर वर्षी पहिलाच आठवडा, तेच फोड, तीच पोटरीची ओढ. हे नुकसान खरे आहे आणि त्याची भरपाई होत नाही. परंतु बदल टिकतो कशाने, हा वेगळा प्रश्न. नाशिकच्या भारती ठाकूर २००५-०६ मध्ये परिक्रमेला गेल्या, त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले, आणि पुढे त्या मंडलेश्वरजवळच्या लेपा गावी राहून तिथल्या मुलांच्या शिक्षणाचे काम करू लागल्या. सलग परिक्रमेच्या बाजूने हे उदाहरण देतात. मला त्यात उलटे दिसते. परिक्रमेने त्यांना काठ दाखवला. काम उभे राहिले ते त्या काठावर परत गेल्यामुळे. आणि परत जाणे हाच तर खंड परिक्रमेचा स्वभाव आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि पाहुणचाराचा. सुटीत आलेले शहरी लोक सदावर्तावर जेवणार, आश्रमात फुकट झोपणार, आणि नर्मदे हर म्हणून गाडी पकडणार. हे परिक्रमेचे सहलीकरण नव्हे का? याचे उत्तर आक्षेपात नाही, वागण्यात आहे. काठावरच्या गोरगरिबांनी परिक्रमावासीला घातलेले जेवण हे व्रतस्थाला दिलेले असते. व्रत न पाळणाऱ्याने ते हक्काने घेऊ नये. शिधा आपला न्यावा, नाहीतर जिथे खाल्ले तिथे धान्य ठेवून यावे. दहा-पंधरा जणांचा घोळका करून तर मुळीच जाऊ नये, दोघे-तिघे पुरेत. बसने पंधरा दिवसांत परिक्रमा घडवणाऱ्या यात्रांशी मात्र या चालण्याची गल्लत करू नये. बस एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जाते. नदी बहुतांशी घाटांच्या मधे आहे.

मग नागपूरहून तुकडे पाडायचे कसे? वर्षाला दिवाळीचे आठ-दहा दिवस धरले आणि सरावल्यावरची पंधरा-वीसची चाल धरली, तर दीडशे किलोमीटर होतील. सगळी परिक्रमा वीस वर्षांची. थंडीतली आणखी एक सुटी जोडली तर दहाची. तिशीतल्या माणसाला हे फार नाही आणि चाळिशीतल्यालाही नाही. गृहकर्जाची मुदत आपण हसत स्वीकारतोच. सोपा म्हणून नरसिंहपूर-नर्मदापुरमचा सपाट पट्टा आधी घेण्याचा मोह होईल. तसे करू नये. तिथे ऑक्टोबरचे ऊन अंगावर येते. अमरकंटक ते डिंडोरी ते मंडला हा वरचा भाग उंचीवर आहे, सावलीचा आहे, धरणांच्या वरचा असल्यामुळे वाट अजून नदीला धरून आहे, आणि तिथली गोंड-बैगा गावे विदर्भाच्या माणसाला परकी वाटत नाहीत. उन्हाळी दिवसांसाठी तो, थंडीसाठी सपाटी. दर तुकड्याच्या शेवटी साल लिहून ठेवावे, गाव कुठे होते, वाट कुठून गेली, पाणी कुठवर होते ते टिपून ठेवावे. वेगडांनी चित्रेही काढली, सगळ्यांना ते जमणार नाही.

महाराष्ट्राच्या वाट्याची नर्मदा शेवटी ठेवावी. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांच्या कडेने ती थोडकीच वाहते, आणि तोच काठ सरदार सरोवरात गेला. मणिबेलीपासून सुरू होणारी आपली तेहतीस गावे त्यात आली. दक्षिण काठाची आजची वाट त्यामुळे सातपुड्याच्या अलीकडून, खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा अशी डांबरी रस्त्याने जाते, आणि नर्मदेची परिक्रमा करणारा प्रकाशाला स्नान तापीत करतो. या पट्ट्यात सलग चालणारा आणि खंड चालणारा दोघेही सारखेच नदीविना असतात. फरक इतकाच की सलग चालणाऱ्याला पुढचा मुक्काम गाठायचा असतो. काठावरून उठवलेल्या आदिवासींच्या पुनर्वसन वसाहती याच तळोदा-शहादा भागात आहेत. ज्याला पुढचा मुक्काम गाठायची घाई नाही त्याने एक अख्खी सुटी इथेच घालवावी, आणि जुनी वाट कुठून जात होती ते त्यांनाच विचारावे.